हिरड्याच्या बेचक्यातला नारळ

चमत्कार वगैरेंवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी बी.एस्सी. आहे, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. घोडेगावात एका लॅबमध्ये नोकरी करते, मायक्रोस्कोपमध्ये दिसेल तेवढंच खरं मानते. तरी हे लिहायला बसलेय... तेही आनंदाने!

आमचं गाव डिंभे धरणाच्या वर, डोंगरात. भात, नाचणी आणि बांधावरचे हिरडे, यावर घर चालतं. माझं कॉलेज हिरड्यांच्या फळांवरच झालं. काही वर्षांपूर्वी जूनमध्ये चक्रीवादळ आलं आणि एका दुपारीत आमची अकराच्या अकरा झाडं मुळासकट आडवी झाली. आजीने लावलेलं घरामागचं मोठं झाडही.

तलाठी भाऊसाहेब पंचनाम्याला आले. प्रत्येक झाडाशेजारी वडिलांना उभं करून त्यांनी मोबाईलवर फोटो काढले. मीही काढले. ते गेल्यावर वडील म्हणाले, "उद्या कुऱ्हाड लावायची. मग गाव सोडून वारूळवाडीला जाऊ, लोकाच्या मळ्यात काम मिळंल. हितं आता काय ऱ्हायलंय?"

कुऱ्हाड लावण्याआधी आमच्याकडे झाडाची माफी मागतात. संध्याकाळी आईने घरामागच्या त्या मोठ्या झाडाच्या आडव्या खोडाच्या बेचक्यात हळदकुंकू लावलेला नारळ ठेवला. "लई दिलंस बाई. रागवू नको." बेचकं माझ्या कमरेएवढ्या उंचीवर होतं. नारळ गडगडू नये म्हणून मीच तो दाबून बसवला.

सकाळी आई ओरडली, "अवं, बाहेर या! झाड उठलंय!"

"झाड काय म्हातारं हाय, उठून बसाया?" वडील कुरकुरत बाहेर आले... आणि तिथेच थबकले.

झाड उभं होतं! एकही फांदी तोडलेली नव्हती. मुळांचा खड्डा बुजलेला. वारा म्हणाल तर अंगणातली राखसुद्धा हलली नव्हती. मी वर पाहिलं – दहा-बारा हात उंचावर, त्याच बेचक्यात – नारळ! हळदीसकट!

शेजारचे किसनकाका मान वर करून म्हणाले, "आता कसं करायचं राव? पंचनाम्यात तर हे मेलंय!"

वडील हसले. वादळानंतर पहिल्यांदा. मग मला म्हणाले, "पोरी, भाऊसायबास्नी फोन लाव. खोटं नको. म्हणावं, अकरा खोडा, धा लिव्हा. येक उठलं."

त्याच दिवशी त्यांनी कुऱ्हाड ठेवली आणि कुदळ घेतली. पडलेल्या दहा झाडांच्या जागी नवी रोपं लावायला खड्डे खणू लागले.

आई म्हणाली, "फळ धराया लई वर्सं लागत्यात. तवर तुमी असाल का?"

"म्हातारीनं हे लावलं, तवा तिनं तरी फळ बघितलं व्हतं का?"

वारूळवाडीचं नाव पुन्हा निघालं नाही.

मी कॉलेजातल्या सरांना विचारलं. ते म्हणाले, पडलेल्या झाडाच्या फांद्या तोडल्या की भार कमी होतो, कधी कधी मुळं खोड ओढून उभं करतात. "पण सर, आम्ही फांद्या तोडल्याच नव्हत्या." त्यांनी आधीचा आणि नंतरचा फोटो कितीतरी वेळ झूम करून पाहिला. मग मोबाईल परत दिला.

तुमच्यापैकी कुणाला कारण माहीत असेल तर जरूर कळवा. मला अजून सापडलेलं नाही. नारळ वरच आहे, शेंडी झडलेला, काळा पडलेला. आई तो कुणाला काढू देत नाही. आणि खाली ती दहा रोपं... परवा गेले तेव्हा माझ्या खांद्याला लागत होती!