गुडघ्याचं वंगण

कागदाच्या कारखान्यात त्याला सगळे वंगणमास्तर म्हणत. एकोणतीस वर्षं त्याने यंत्रांना ग्रीस भरायचं एवढं एकच काम केलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या डब्यावर टेकवायचं, मुठीला कान लावायचा, डोळे मिटायचे आणि आत काय बिघडलंय ते सांगून टाकायचं. दहातल्या नऊ वेळा बरोबर निघायचं. दहाव्या वेळी चूक यंत्राची असायची, त्याची नाही. असा हा गृहस्थ.

त्याची बायको प्राथमिक शाळेत शिकवायची. वर्ग दुसऱ्या मजल्यावर. अंगाने ती आधीपासूनच भरलेली, त्यात पन्नाशीला तिचे गुडघे कुरकुरायला लागले. एका रविवारी मास्तरने चक्क तिच्या गुडघ्याला कान लावला, पाय हलवायला सांगितला आणि निकाल देऊन टाकला.

"कोरडा पडलाय. याला वंगण हवं."

"डॉक्टरांना विचारूया का?"

"डॉक्टरांनी जन्मात एक तरी बेअरिंग उघडलंय का?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी वितळलेल्या लोण्याचे दोन मोठे चमचे आणि वर कोमट दूध. तिला मळमळायचं. "अहो, आज नको," म्हणायची, पण हा पेला घेऊन ती संपवेपर्यंत समोर उभा. भाजीवरची तेलाची धारही त्याने स्वतःच्या हाताने वाढवली. सात महिन्यांत तिचं वजन अकरा किलोंनी वाढलं. दोन जिने चढताना ती तीनदा खाली बसायला लागली. यावर मास्तरने काय केलं? आणखी एक चमचा वाढवला.

शेवटी हेडमास्तरांनी तिला तळमजल्यावरचा वर्ग द्यायचं कबूल केलं, फक्त डॉक्टरांचा कागद आणा म्हणाले. तो मिळाला नाही तर नोकरी सोडण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. म्हणून दोघं डॉक्टरीणबाईंसमोर येऊन बसले.

बाईंनी गुडघ्यावर तळवा ठेवला. "सुजलाय. आणि गरम लागतोय."

'गरम' हा शब्द मास्तरच्या चांगलाच ओळखीचा होता. ग्रीस ठासून भरलं की बेअरिंग तापतं, हे त्याने कारखान्यात घसा फोडून सांगितलं होतं. ज्यांनी तसं भरलं त्यांची चारचौघांत खरडपट्टी काढली होती. घरी मात्र अक्कल गहाण ठेवली.

रोजचं खाणं विचारून झाल्यावर बाई म्हणाल्या, "खाल्लेलं तेल-लोणी सांध्यात उतरत नाही. सांध्यातलं वंगण शरीर स्वतः तयार करतं. जास्तीचं लोणी अंगावर चरबी होऊन बसतं, आणि ती चरबी म्हणजे नुसतं ओझं नव्हे. तिच्यातून सांधे सुजवणारी द्रव्यं रक्तात सुटतात. तेल बेताचं घ्या. अक्रोड, जवस, मासे, यांतला स्निग्धांश बरा. पण रोज इतकं लोणी खाता कशाला?"

बायको मान खाली घालून म्हणाली, "माझीच जीभ आवरत नाही."

मास्तर भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत राहिला. आता बोलतो, मग बोलतो, असं करत त्याने वेळ काढला. तेवढ्यात बाईंनी बायकोला चांगलंच फैलावर घेतलं. कागदावर 'तळमजल्यावर काम द्यावे' असं लिहिलं, वर 'रुग्णाचा खाण्यावर ताबा नाही' हेही लिहिलं आणि खाली सही ठोकली.

बाहेर बाकावर बसून तिने कागद वाचला आणि त्याची घडी घातली. हाच कागद हेडमास्तरांच्या टेबलावर जाणार होता.

"तू खरं का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं.

"तुम्ही शेजारीच बसला होतात की," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुखणं त्याने दिलं, खापर तिच्या माथ्यावर फुटताना गप्प बसला, आणि आता तिलाच जाब विचारत होता. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्याने तिच्या हातातून कागद घेतला आणि तडक आत गेला. पुढचा पेशंट बसला होता. दार सताड उघडं राहिलं.

"बाई, ही ओळ खोडा. लोणी मी पाजत होतो. ती नको म्हणायची, तरी पाजायचो. आणि मघाशी तोंड शिवून बसलो."

बाकावरची माणसं माना वळवून बघायला लागली. बाईंनी ओळ खोडली. "मग इथे काय लिहू?"

"नवऱ्याने बळेच खाऊ घातलं, असं लिहा."

बाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि खरंच तसं लिहिलं.

त्याने बाहेर आणून दिलेला कागद बायकोने दोनदा वाचला. "अख्ख्या शाळेला कळेल हे."

"कळू दे."

तिने कागद पर्समध्ये ठेवला. तिला उठवायला त्याने हात पुढे केला. तिने बाकाची कड धरली आणि दात आवळून एकटीच उठली.