हवेत राहिलेला पाय

माझी सून दिवसभर काय करते हे सांगताना माझी पंचाईत व्हायची. शेजारीण सांगते, तिची सून लोकांचे दात काढते. संपला विषय! माझी सून दुसऱ्याने केलेली वस्तू पडली तरी कुणाला कळू देत नाही, हे कसं सांगणार? बरं, सांगण्यात मी काही कमी नाही. पस्तीस वर्षं वर्गात बोलले, आणि सत्तरीतही बोलताना माझा धागा सुटत नाही. सुनेला तर माझं शेवटचं वाक्य उचलून पुन्हा म्हणायची सवयच आहे. इतकं मन लावून ऐकणारी सून मिळायलाही नशीब लागतं.

तर तिच्या कंपनीने गुडघेदुखीवाल्यांसाठी एक ॲप केलं. त्यातल्या व्हिडिओत एक बाई व्यायाम करून दाखवते, आपण बघून करायचा. ॲप यांचं, पण व्हिडिओ चालवणारा प्लेअर बाहेरच्या कंपनीकडून विकत आणलेला. तो मुलखाचा नाजूक. व्हिडिओ मध्येच थांबवून पुन्हा सुरू केला की कधीकधी बंद पडून आडवा व्हायचा, आणि जाताना अख्खं ॲप सोबत न्यायचा. उघडून दुरुस्त करायची सोय नाही. ज्यांनी केला त्यांना कळवलं की एकच उत्तर, "आमच्याकडे व्यवस्थित चालतो."

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"त्याला वेगळं बसवलं, आई. आता पडला तर एकटाच पडतो, ॲप चालूच राहतं. व्हिडिओ कुठवर आलाय त्याची दर सेकंदाला नोंद होते. तो पडला की स्क्रीनवर शेवटचं चित्र तसंच धरून ठेवायचं, प्लेअर नव्याने सुरू करायचा आणि त्याच सेकंदापासून पुढे न्यायचं."

"एवढ्यासाठी रोज ऑफिसला जातेस?" मी म्हणाले. माझ्या जिभेला हाड नाही, हे मला मान्य आहे.

त्याच सुमारास माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिला हक्काची पेशंट मिळाली. सकाळी मी पलंगावर आडवी, शेजारी लॅपटॉप. पाय वर नेला की व्हिडिओतली बाई आकडे मोजायची, तिच्या तिसऱ्या आकड्याला गुडघा ठणकायचा, मी व्हिडिओ थांबवायचे, दम घेऊन पुन्हा लावायचे. कधी ती बाई पापणी लवेपर्यंत थबकायची आणि पुढे जायची. "पडला गं!" मी ओरडायचे. सून वहीत लिहायची: कुठला व्यायाम, कितवा सेकंद, आधी काय दाबलं. शिवाय सगळ्या पेशंटांकडे मिळून तो दिवसात किती वेळा पडला, तेही.

मग कंपनीत नवे साहेब आले. त्यांनी महिनाभर पाहिलं, ॲप एकदाही बंद पडलं नाही. म्हणजे प्लेअर उत्तम, त्याच्याभोवती हिने बांधलेलं सगळं फुकटचं. ते काढा, आणि पुढच्या महिन्यापासून तुम्हीही दुसरीकडे बघा! सुनेने वही पुढे केली, त्यांनी ती उघडलीही नाही. त्या संध्याकाळी ती नुसती भांडी आपटत राहिली. मला संताप आला, आणि लाजही वाटली. साहेबांनी जे म्हटलं ते मी आधीच म्हणून बसले होते.

दोन दिवसांनी एका मोठ्या हॉस्पिटलचे डॉक्टर कंपनीत ॲप बघायला येणार होते. खरी पेशंट हवी म्हणून मला बोलावलं.

"आई, साहेबांनी माझं सगळं काढायला लावलंय," सून म्हणाली. "पण तुम्ही रोज करता तसंच करा. मुद्दाम काही करू नका."

मुद्दाम काही केलं नाही, शपथेवर सांगते. गुडघा तिसऱ्या आकड्याला ठणकला. मी थांबवलं, पुन्हा लावलं. स्क्रीन काळी! बाई गायब, ॲप गायब, आणि माझा पाय हवेत.

"आता हा खाली कधी आणायचा?" मी विचारलं.

डॉक्टर खो खो हसले. साहेबांनी घाईघाईने ॲप पुन्हा लावलं, ते पुन्हा पडलं. शेवटी त्यांनी सुनेकडे पाहिलं. तिने दहा मिनिटांत आपलं सगळं परत बसवलं. मग डॉक्टरांनीच वीसदा थांबवून-लावून पाहिलं. बाई आपली पाय वर, पाय खाली.

साहेबांनी आता वही उघडली. "एका महिन्यात चारशे बारा वेळा? मला एकदाही दिसलं नाही!"

"दिसू नये, हेच तर काम होतं," सून म्हणाली.

नोकरी राहिली. संध्याकाळी घरी मी मुलाला सगळं रंगवून सांगत होते. साहेबांचा चेहरा, डॉक्टरांचं येणं, काळी झालेली स्क्रीन, आणि मग... मग काय झालं होतं? पुढचं काही आठवेना.

"पाय हवेत होता तुमचा," ताट वाढता वाढता सून सहज म्हणाली.

"हां, पाय हवेत!" मी पुढे निघाले, आणि दोन वाक्यांवर थांबले. या वेळी विसरले म्हणून नाही, माझं शेवटचं वाक्य उचलून म्हणायची तिची सवय आठवली म्हणून.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

"काय, आई?"

"माझी नोंद कुठल्या वहीत आहे?"

तिने भाताचा डाव खाली ठेवला. "तुमची वही नाही ठेवली मी," ती म्हणाली.

माझे डोळे भरून आले, आणि हसूही आलं. मग मी ती गोष्ट पहिल्यापासून सांगितली. मध्ये तीनदा अडकले. तिन्ही वेळा मी तिच्याकडे पाहिलं, आणि तिने मला तिथूनच पुढे नेलं.