दोरी सोडून उतरलेला वाघ

दिलीप शहीद झाला न्हाई. दिलीप दोरी न बांधता विहिरीत उतरला म्हणून मेला.

आज वर्ष झालं. मस्तगडच्या चौकात बॅनर लागलंय. एका बाजूला वाघाचं तोंड, दुसऱ्या बाजूला दिलीपचं. खाली पुढाऱ्यांचे फोटो अन् वर शब्द छापलाय, 'शुभेच्छुक'.

मेलेल्या माणसाला शुभेच्छा.

पाहून किळस आली.

दिलीप अन् मी अग्निशमन दलात, एकाच शिफ्टला. मी दोरीवाला. विहिरीत उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी असते अन् वर ती धरणारा एक जण. हुकूम दोरीवाल्याचा. त्याने ओढलं की गुपचूप वर यायचं.

दिलीप आधी बराबर ऐकायचा.

मंग एका गावात त्याने दोरी न बांधता उतरून विहिरीतून बकरी काढली. कोणीतरी व्हिडिओ टाकला. गावाने फेटा बांधला, शाल-श्रीफळ दिलं, 'ढाण्या वाघ' म्हणाले.

तिथंच बिघडला माणूस.

त्यानंतर गाडीतून उतरला की आधी मोबाइलवाले कुठं उभे आहेत ते पाहायचा. मी शिव्या घातल्या की हसायचा.

"दाजी, दोरी बांधली की व्हिडिओत माणूस बैल दिसतो."

मी साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, पोरगं डेअरिंगबाज आहे, दलाचं नाव होऊन राह्यलंय.

मंग आष्टीकडचा कॉल आला. विहिरीत डिझेल इंजिन उतरवून चालू केल्तं. त्याच्या धुराने नामदेव मेकॅनिक खाली बेशुद्ध पडला होता. त्याची बायको काठावर.

आमचा गौतम मास्क अन् सिलिंडर चढवत होता. तो उतरणार, मी दोरी धरणार, एवढं साधं काम. पट्टे आवळेपर्यंत थांबायचं होतं फक्त.

पण लोकांनी दिलीपला ओळखलं. वाघ आला, वाघ आला. मोबाइल वर झाले.

मी म्हणालो, थांब.

तो म्हणाला, "तुमचं आवरेस्तोवर मी त्याला घेऊन आलो समजा."

अन् शिडीवरून उतरला. ना मास्क, ना दोरी.

नामदेवपर्यंत पोचला अन् त्याच्याच अंगावर पडला. कमरेला दोरी असती तर तेव्हाच ओढून घेतला असता. मी दोरी हातात धरून नुसता पाहत राह्यलो.

गौतम उतरला तेव्हा दोघांचाही श्वास चालू होता. दोरीवर एका वेळी एकच जण येतो. गौतमने आधी दिलीपला बांधलं. आपला माणूस. मी असतो तरी तेच केलं असतं.

दिलीप दवाखान्यात पोचायच्या आत गेला. अन् दोरी परत खाली जाईपर्यंत नामदेव गेला होता.

नामदेवचा नंबर दिलीपने खाल्ला. हे कोणत्याच बॅनरवर न्हाई.

मेलेल्यावर रागावू नये म्हणतात. मी रागावणार. लई जीव होता माझा त्याच्यावर.

आज सकाळी कार्यक्रम होता. हार घालायला नामदेवच्या बायकोला मुद्दाम गाडी पाठवून आणलं. तिला वर्षभर सगळ्यांनी हेच सांगितलं होतं की नामदेव आधीच मेलेला होता, तरी वाघाने उडी घेतली.

तिने हार घातला, फोटोच्या पाया पडली. रील काढणारा म्हणाला, ताई, परत एकदा पडा, नीट आलं न्हाई.

ती परत पडली.

मंग माझ्याकडे आली. "भाऊ, माझ्या माणसापायी तुमचा माणूस गेला. माफी असू द्या."

ती माफी मागून राह्यली होती. आमची!

मला सहन झालं न्हाई. बाजूला नेऊन सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं.

"म्हंजी, हे जित्ते होते?"

मी हो म्हणालो.

ती तिथंच खाली बसली. स्टेजवर भाषण चालू होतं.

नामदेवराव, आज आधी तुम्हाला हात जोडतो. तुमचा जीव आमच्या हातून गेला.

दिल्या, तुलाही जोडतो रे. हार मात्र माझ्याकडून मिळणार न्हाई.