खळ्यावरची शाळा

खारघरहून करंजाड्यापलीकडच्या गावाला जायचं म्हणजे कोणी त्याला प्रवास म्हणत नाही. पण माझ्या सासूबाई सकाळीच ठेवणीतलं लुगडं नेसून सोफ्यावर बसल्या होत्या. "आमचे गावची शाला पाडतान म्हनं सुट्टीत. त्याचे आदी मना दाखव."

माहेरी गेल्या तरी आई त्या शाळेच्या रस्त्याला कधी फिरकत नाहीत, हे मला ठाऊक होतं. म्हणून काही न विचारता गाडीची किल्ली घेतली.

कळंबोलीत ट्रकांमागे वेळ जातोच, तेव्हा तुम्ही लवकर निघा. आम्ही उशिरा निघालो आणि अडकलो. त्या खोळंब्यात आई बोलत्या झाल्या. त्यांच्या लहानपणी गावात शाळा सातवीपर्यंतच. त्यांना आठवीत बसायचं होतं. वडिलांनी लग्न लावून दिलं. पुढे दोनच वर्षांत हायस्कूल काढायचं ठरलं, तेव्हा याच वडिलांनी भात झोडायचं आपलं खळं देऊन टाकलं.

"माजं लगीन लावलं नि लोकांचे पोरींना शाला दिली. बाबा गेला तवर मी त्याचेशी नीट बोलली नाय."

मी सांगलीकडची, एरवी तोंडाचा पट्टा चालूच. इथे मात्र समोरच्या ट्रकमागची पाटी वाचत बसले. पुढचा ट्रक हलला, मी गिअर टाकला.

करंजाड्याला नव्या इमारतींच्या रांगेत एका मावशींची खानावळ आहे. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी, खिशालाही परवडते. मी चापून खाल्लं. आईंनी चतकोर भाकरी कशीबशी संपवली.

शाळेत पोहोचलो तेव्हा मधली सुट्टी होती. गेटच्या आत, मैदानाच्या कडेला चपला-बुटांचा हा ढीग, आणि पोरं अनवाणी खेळतायत. आत देऊळ आहे की काय? एका मुलीला विचारलं.

"ग्राउंडवर चप्पल अलाउड नाय, काकी. पयल्यापासून रूल हाय."

"का पण?"

"मायती नाय."

"खल्यावर कोन पायतान घालून जातं?" आई पुटपुटल्या. धान्य पडतं ती जागा. त्यांच्या गावात तिथे चप्पल चालत नाही. त्यांनीही कडेला चपला काढल्या.

मुख्याध्यापिका गावातल्याच, त्यांची आई या शाळेच्या पहिल्या तुकडीतली. सासूबाईंनी आपल्या वडिलांचं नाव सांगितलं तशा त्या खुर्चीतून उठल्याच.

"माझी आई सांगायची, आजोबा रोज मैदानाच्या कडेला उभे असायचे. कोणी चप्पल घालून आलं की ओरडायचे, पायतान काढ, ही माजे पोरीची जागा हाय." मग जरा अडखळून म्हणाल्या, "आम्हाला वाटायचं, त्यांची मुलगी वारली असेल."

आई आठवीचा वर्ग कुठला ते विचारून तिकडे गेल्या आणि रिकाम्या वर्गात पहिल्या बाकावर बसून पदराने डोळे पुसत राहिल्या. शाळा पाडून होणाऱ्या नव्या इमारतीपुढे पेव्हर ब्लॉक बसणार आहेत. रूल राहील का, असं मी विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, "राहील. आता कारणही सांगू."

परतताना आई खांदेश्वरपर्यंत वडिलांबद्दलच बोलत होत्या. घरी लिफ्टमध्ये शिरताना माझं त्यांच्या पायांकडे लक्ष गेलं.

"आई, चपला तिथेच राहिल्या. जाऊन आणू?"

"नको," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊंदे पोरींचे चपलांत."