दोन बोल्ट

लिंबाजीराव गेल्याची बातमी सोनपेठहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरकडून कळली. कॉलेजातल्या शोकसभेत कुणीतरी म्हणालं, "आज्ञाधारक माणूस होता." मला हसावं की ओरडावं कळेना. आज्ञाधारक? लिंबाजीराव? त्यांच्याइतका हट्टी माणूस मी परभणीत दुसरा पाहिला नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं ते साल. फौजेत बंदुका दुरुस्त करून निवृत्त झालेले लिंबाजीराव आमच्या कॉलेजात छात्रसैनिकांच्या बारा रायफली सांभाळत. नोकरी हंगामी. रायफली एका खोलीत, त्यांची नळी मागून बंद करणारे बोल्ट वेगळ्या पेटीत, अशी तिथली रीत. मी नवा मास्तर, त्यांच्या मदतीला. पिंगळीला नेमबाजी होती, तिच्या आदल्या दिवशी मी उत्साहाने बाराही बोल्ट एकाच परातीत रॉकेलमध्ये धुतले... एकाच बनावटीच्या रायफली, त्यात काय एवढं! परात पाहून लिंबाजीराव तिच्याशेजारीच बसले आणि एकेक बोल्ट पुसू लागले. प्रत्येक बोल्ट आपल्या रायफलीपुरता घासूनपुसून बसवलेला असतो, म्हणून दोन्हींवर एकच नंबर कोरतात, हे मला त्या दुपारी कळलं. भिंग लावून त्यांनी दहा जोड्या जुळवल्या. उरलेल्या दोन बोल्टांवरचे आकडे पार झिजलेले होते. ते पेटीतल्या जागेवरूनच ओळखायचे, आणि ती जागा मी मोडली होती.

छात्रसैनिकांचे प्रमुख असलेले आमचे साहेब आले. म्हणाले, "कुठलाही कशातही बसतो. बाराच्या बारा बाहेर काढा."

"बसतो की साहेब. बसणं येगळं आन् बरूबर असणं येगळं. मदी फट राहिली तर काडतूस मागं फुटंल, पोराचा डोळा जाईल. मापायचं गेज औरंगाबादहून मागवा. तवर ह्या दोन न्हाई देत."

"हा हुकूम आहे!"

"मंग लिहून द्या. डोळा गेला तर जिम्मेदारी तुमची, एवढंच लिहा."

साहेबांनी पेन काढलं नाही. "बोल्ट मिसळले कुणी?" एवढंच विचारलं. लिंबाजीरावांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पेटीची किल्ली माझ्यापाशी हाय. मीच."

दुसऱ्या दिवशी पिंगळीला दहाच रायफली गेल्या. महिन्याच्या आत लिंबाजीरावांना घरी बसवलं. पुढे गेज आलं, तेव्हा कळलं की ते दोन बोल्ट उलटसुलट बसले असते तर एका रायफलीत नको तेवढी फट राहिली असती. पण त्यांना परत कुणी बोलावलं नाही. सोनपेठच्या बाजारात ते शिवणयंत्रं दुरुस्त करत राहिले. मी जायचो. चहा पाजायचे, त्या दिवसाचा विषय मात्र काढू द्यायचे नाहीत. "सर, तुमची लेकरंबाळं व्हती," एवढंच एकदा म्हणाले.

त्यांचं भिंग आता माझ्या टेबलावर आहे, त्यांच्या लेकीने दिलेलं. त्याच्याशेजारी हा कागद ठेवून लिहितोय. साहेबांनी दिलं नाही, ते मी लेखी देतो : परातीत बोल्ट मी टाकले होते.