पांढरा फळा

दर उन्हाळ्यात आमच्या नागपूरच्या शाळेतले फळे काळे करायला एक रंगारी यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. रंग लावण्याआधी तो फळ्यावर तळहात फिरवून खडबडीत जागा शोधायचा आणि रंग वाळला की स्वतः खडूने एक रेघ ओढून बघायचा.

त्या वर्षी शाळेत प्रोजेक्टर आला, पण पडदा आला नाही. म्हणून हेडमास्तरांनी माझ्या दहावीच्या वर्गातला फळा पांढरा करायचा हुकूम सोडला. माझी कच्ची मुलं भूमिती शिकत ती फळ्यावर चुकत चुकतच. फळा गेला की त्यांची दहावीही गेली, हे मी सांगून पाहिलं होतं.

रंगाऱ्याने विचारलं, "बाई, त्या मशिनीवर पोरं लिहितीन का?"

"मुलांनी हातसुद्धा लावायचा नाही."

"मंग त्याले फळा काहून म्हणता? टाकीज म्हणा ना!"

त्याने लाकडी फळा उतरवला, मागची बाजू पांढरी केली आणि तीच पुढे करून टांगली. "सायेब गेले का उलटा करून घेत जा," म्हणाला आणि ब्रश धुवायला गेला.

प्रोजेक्टर वर्गात आला त्या दिवशी हेडमास्तरांना मुलांसाठी एक सूचना लिहायची होती. पांढऱ्यावर खडू उमटेना. मी गुपचूप फळा उलटा केला. काळ्या बाजूवर हेडमास्तरांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'यंत्राला हात लावू नये.'