तांबं बघून घेतलेलं मशीन

आमच्या तांबट आळीत पन्नाशी उलटलेल्या माणसाला नीट ऐकू येत असेल, तर त्यानं आयुष्यात फारसं काम केलं नसावं असं समजत. माझे वडील कामाचे होते. पन्नाशीच्या बऱ्याच आधी त्यांचे कान गेले. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत हातोड्यानं हंडे आणि घंगाळं ठोकायची, शेजारी दहा घरांतून तेच चाललेलं. कान गेले याचं कुणाला नवल वाटलं नाही, त्यांनाही नाही.

मी गिटार शिकलो ती त्यांचे कान गेल्यावर. वेळ साधणं मला कधी जमलेलं नाही. मिशनच्या शाळेत एक मास्तर होते, ते गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर लोखंडी कांडी फिरवत वाजवायचे. त्यांच्याकडे मी चार वर्षं जात होतो. वडिलांनी कधी अडवलं नाही. फक्त माझ्या पाठीमागे ते आळीत विचारत फिरायचे, "आमचं पोरगं वाजवतं ते बरं असतं का?" लोक मान डोलवून हो म्हणायचे, कारण बहिऱ्या माणसाला तेवढंच सांगणं सोपं असतं. हे मला कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. त्यांनी एकदा तरी मला स्वतः ऐकावं, असं तेव्हापासून मनानं घेतलं.

मग लढाई संपली आणि कॅम्पातले गोरे सामान विकून निघाले. त्यातल्या एकाकडून मी विजेची गिटार घेतली. घरी आणल्यावर समजलं की ती भरीव लाकडाची आहे, तिला पोटच नाही, आणि आवाज मोठा करणाऱ्या मशीनला जोडल्याशिवाय ती डासाएवढं बोलते. मशीन त्या गोऱ्यानं आदल्या दिवशी दुसऱ्याला विकलं होतं. मी घरच्यांना वाजवून दाखवलं. आई म्हणाली, "चला, आता आमी बी तुज्या आबांच्या पंगतीला बसलो."

मास्तर म्हणाले, अ‍ॅम्प्लिफायर घे, दणदणीत घेतलास तर वडिलांनाही ऐकू येईल. माझ्याकडे शिल्लक साठ रुपये होते. कॅम्पाच्या रस्त्याला एका खानसाहेबांनी लष्कराच्या लिलावातला माल मांडला होता: घोंगड्या, पाण्याच्या बाटल्या, आणि एक ढीग बुटांचा, सगळे डाव्या पायाचे. तिथं दोन मशीनं आहेत असं कळलं. मी गिटार घेऊन निघालो, तर वडीलही पागोटं चढवून बरोबर निघाले. घरात कुठलीही वस्तू यायची ती त्यांनी वाजवून बघितल्याशिवाय येत नसे.

पहिलं मशीन लाकडी पेटीतलं, एका हातात उचलेल एवढं. खानसाहेबांनी गिटार जोडून दिली, मी चार सूर काढले. आवाज असा गोड, असा स्वच्छ, की मी तिथंच ठरवून टाकलं. किंमत पन्नास. दुसरं होतं हिरव्या लोखंडी पेटीचं, परेडीच्या मैदानावर शिपायांना हुकूम सोडायला केलेलं, सोबत तेवढाच जड भोंगा. ते चालू केलं की आधी घरघरायचं, आणि गिटारीतून शिपायाला दम भरल्यासारखा आवाज काढायचं. किंमत सत्तर.

वडिलांनी लाकडी पेटी उचलली आणि लगेच खाली ठेवली. बोटाच्या पेरानं ठोकली, दुसऱ्या बाजूला तळहात लावला. भांड्याला चीर गेली असेल तर ती ते अशीच ओळखायचे. मग लोखंडी पेटीला हात घातला. ती उचलेना. त्यांचा चेहरा खुलला.

"आत तांबं हाय," ते म्हणाले.

खानसाहेबांनी झाकण काढून दाखवलं. तारेचं हे मोठं वेटोळं होतं. "शेरानं हाय तांबं. लई दमदार माल हाय, मिस्त्री."

मी वडिलांच्या कानाशी जाऊन ओरडलो, "आबा, आवाज बघायचाय! वजन न्हाई!" रस्त्यावरचे दोन टांगेवाले थांबले.

"बिघडलं तरी हे मोडीला जाईल," आबा शांतपणे म्हणाले. "त्या लाकडाचं काय करशील? बंबात घालशील?"

भांडं घेताना मोडीला किती येईल ते आधी बघायचं, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. तो गिटारीला लागू नाही हे मी खूप ओरडून सांगितलं. त्यांनी कनवटीचे दहा रुपये काढून माझ्या साठांवर ठेवले आणि विषय संपवला. घरघरीचं विचारलं तर खानसाहेब म्हणाले, मशीन तापलं की जाते. टांगेवाल्यानं वजन बघून भाडं वाढवलं. घरी पोचेपर्यंत मी आबांशी बोललो नाही. त्यांना ते कळलं असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. त्या दिवशी आळीत हातोडा उचलत नाहीत. दुपारी दिवा काढून त्याच्या जागी वायर लावली. आबा पेटीशेजारी मांडी घालून बसले आणि त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला. मशीन तापू लागलं, घरघर सुरू झाली. ती काही जाईना. मी खाली मान घालून गिटारीची वायर सोडवत होतो, तिची गाठ बसली होती. वर बघितलं तर आबांचे डोळे मिटलेले होते आणि मान हळूहळू डोलत होती.

"चांगलं वाजवतोस की रे," ते म्हणाले. "एवढी वर्सं मी उगंच लोकास्नी इचारत हुतो."

गिटार अजून मशीनला जोडलेलीसुद्धा नव्हती.

आईनं माझ्याकडे बघितलं. मी कांडी उचलली आणि तारांवरून फिरवली. मग गाठ सुटली तशी वायर जोडली आणि खरंच वाजवलं, येत होतं ते सगळं, जीव तोडून वाजवलं. आबांची मान होती त्याच लयीत डोलत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विचारणं बंद केलं आणि सांगणं सुरू केलं. दुकानात हंडा घ्यायला आलेल्या बायकांनासुद्धा ते सांगायचे, "पोरगं लई ग्वाड वाजवतं. मी सवता ऐकलंय." दर अमावास्येला ते पेटीशेजारी येऊन बसायचे.

पुढं एक रेडिओ दुरुस्तीवाला घरी आला होता. मशीन ऐकून त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाला, "ही घरघर आत्ता घालवतो. एक कंडेन्सर बदलला की झालं. पैसे बी नकोत."

त्यानं पेटीचा पहिला स्क्रू काढला होता. मी तो त्याच्या हातातून घेतला आणि परत बसवला.

"राहू द्या," मी म्हणालो. "घरात ऐकणारं मानूस हाय."